गाडीच थांबते

(दृश्य : हिंगणा रोड, पहाटेचा उजेड. पानठेल्यावर घोटणारे हात. निवेदन सुरू.)

सकाळचे सव्वासहा वाजलेत. एमआयडीसीतली सातची पाळी लागायच्या आत रस्त्यावरचे पानठेले उघडलेत. कातरलेली सुपारी, तिच्यावर तंबाखू, बोटाच्या टोकावर मावेल एवढा चुना, पाण्याचे दोन थेंब. सगळं प्लास्टिकच्या पन्नीत घ्यायचं आणि तळहाताखाली घोटत राहायचं. जरा आवाज ऐका. नागपुरात वाढलेला माणूस हा आवाज डोळे मिटून ओळखतो.

हा खर्रा.

आता ही येणारी दुचाकी बघा. गाडीवरचे गृहस्थ एकेचाळीस वर्षांचे आहेत, पंधरा वर्षांपासून एकाच कारखान्यात मशीन चालवतात. दिवसाला नऊ खर्रे. नाव सांगू नका म्हणालेत, म्हणून आपण त्यांना नुसतं भाऊ म्हणू. पहिल्या भेटीत ते म्हणाले, "सोडाचा म्हणून चारदा सोडला. बायकोची शपथ घेतली, पोरीची घेतली. पण सकाळी ठेल्यापाशी आलो का गाडीच थांबते. मी नाही थांबवत. गाडीच थांबते."

सवयीबद्दल मी बरंच काही वाचलंय. इतकं नेमकं कुठे वाचल्याचं आठवत नाही.

(दृश्य : नागपूरच्या महाल भागातली जुनी गल्ली. रिकामी आरामखुर्ची.)

खर्रा सोडायला भाऊ आता संमोहनाची मदत घेताहेत. मी हे चित्रण का करतोय, ते आधीच सांगतो. माझे मामा महालात राहायचे. सुरुवातीला त्यांना सावजी रस्सा झोंबायला लागला. जन्मभर ज्यांनी वरून आणखी तर्री मागून घेतली, ते वाटी बाजूला सारू लागले. वय झालं म्हणून आम्ही सोडून दिलं. मग जांभई देताना तोंड पुरतं उघडेना. निरोगी माणसाच्या तोंडात साधारण तीन बोटं उभी मावतात. मामांच्या तोंडात एकच मावायचं. डॉक्टर याला सबम्युकस फायब्रोसिस म्हणतात. सुपारीमुळे गालाच्या आतलं अस्तर ताठर होत जातं आणि पुढे तिथेच कर्करोग होण्याचा धोका वाढतो. तंबाखू नसली तरी नुसती सुपारीसुद्धा कर्करोगकारक आहे, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ साली स्पष्ट केलंय.

मामांना हे सगळं माहीत होतं. समोर बसून सांगितलेलं होतं. तरी हात खिशाकडे जायचा. ते गेल्यापासून तो हात माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही.

महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे. पण २०१६-१७ च्या तंबाखू सर्वेक्षणात राज्यातले ३.८ टक्के प्रौढ धूम्रपान करणारे निघाले, तर तोंडात तंबाखू धरणारे २४.४ टक्के. दर चौघांत जवळजवळ एक.

(दृश्य : भिंतीवर रंगवलेली जाहिरात, "न सांगता दारू सोडवा".)

अशा भिंती तुम्ही एसटीच्या खिडकीतून पाहिल्या असतील. "न सांगता." म्हणजे ज्याचं व्यसन, त्यालाच पत्ता नाही. संमोहनाबद्दलही आपल्याकडे नेमकी हीच समजूत आहे. कोणीतरी डोळ्यांत डोळे घालून बघेल, वशीकरण करेल, आणि आपण त्याच्या मुठीत जाऊ. घरातली माणसं तर चक्क विचारतात, "याला झोपवून सांगून टाका ना, उद्यापासून खायचं नाही म्हणून."

तसं होत नाही. ते का होत नाही, हे जगाला पहिल्यांदा ठासून सांगणाऱ्यांपैकी एक माणूस आपल्या शेजारचाच होता. गोव्यातल्या कांदोळीला १७५६ साली जन्मलेला ख्रिस्ती धर्मगुरू आबे फारिया.

त्याची एक आख्यायिका आहे. तरुणपणी लिस्बनच्या राजवाड्यातल्या चॅपलमध्ये तो प्रवचनाला उभा राहिला आणि समोरचे बडे लोक बघून त्याची बोबडी वळली. खाली बसलेल्या बापाने हळूच कोकणीत सांगितलं, "ही सगळी भाजी. कातर रे भाजी." झालं, मुलाची भीती गेली आणि तो बोलत सुटला. एका वाक्याने आपल्या आत काय घडलं, हा प्रश्न म्हणे त्याने पुढे जन्मभर धरून ठेवला.

तेव्हा युरोपात डॉक्टर मेस्मर यांच्या चुंबकत्वाची हवा होती. उपचार करणाऱ्याच्या अंगातून कसलासा अदृश्य प्रवाह निघतो आणि रोगी बरा होतो, असं मानलं जायचं. १७८४ साली फ्रान्सच्या राजाने चौकशी समिती नेमली. तिच्यात बेंजामिन फ्रँकलिन होते, रसायनशास्त्रज्ञ लाव्हाझिये होते. असा कुठलाही प्रवाह नसतो, जे घडतं ते कल्पनाशक्तीमुळे, असा निकाल त्यांनी दिला. फारियाने त्याच्या पुढचं पाऊल टाकलं. पॅरिसमध्ये तो सांगायचा की शक्ती संमोहन करणाऱ्यात नसते, करवून घेणाऱ्यात असते. १८१९ साली तो तिथेच वारला. पणजीत त्याचा पुतळा आहे, कधी गेलात तर थांबून बघा. 'हिप्नॉटिझम' हा शब्द रुळला तो त्यानंतर, मँचेस्टरचे शल्यचिकित्सक जेम्स ब्रेड यांच्यामुळे. आणि १८४५ साली बंगालात हुगळीला डॉक्टर जेम्स एस्डेल याच विद्येच्या आधाराने शस्त्रक्रिया करत होते, क्लोरोफॉर्म यायच्या दोन वर्षं आधी.

नागपूरलाही हा विषय परका नाही. १९८२ साली ज्यांनी इथे अखिल भारतीय अंधश्रद्धा निर्मूलन समिती सुरू केली, ते प्रा. श्याम मानव पुढे स्वसंमोहनाच्या कार्यशाळा घेऊ लागले. बुवाबाजीविरुद्ध लढणारा माणूस संमोहन शिकवतो, याचं अनेकांना नवल वाटतं. मला वाटत नाही. बुवा जे आपल्या ताब्यात ठेवतो, तेच लोकांच्या हातात देऊन टाकायचं. मला तरी यात बुवाबाजीवरचा सगळ्यात सरळ उतारा दिसतो.

(दृश्य : धरमपेठेतलं क्लिनिक. दोन खुर्च्या, पंखा, खिडकीबाहेर रहदारी.)

पहिल्या दिवशी संमोहन झालंच नाही. मॅडम क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आहेत. त्यांनी भाऊंच्या हातात वही दिली. प्रत्येक खर्रा लिहायचा. किती वाजता, कुठे, सोबत कोण होतं, तोंडात टाकण्याआधी मनात काय होतं.

आठवड्याने वही उघडली. नऊपैकी खऱ्या तलफेचे तीनच होते. बाकीचे गेटवर वाट बघताना, जेवण झाल्यावर, साहेब ओरडून गेल्यावर, किंवा मित्राने पन्नी पुढे केली म्हणून. भाऊ वहीकडे बघत म्हणाले, "मॅडम, हे तर मी खाल्लेले आठवतच नाही."

खरंच आठवत नसतात. एखादी गोष्ट त्याच जागी, त्याच वेळी शेकडो वेळा केली की मेंदू तिचा कारभार आतल्या भागाकडे, बेसल गँग्लियाकडे सोपवतो. मग ठरवावं लागत नाही. जागा दिसली की हात निघतो. गाडी थांबते ती अशी.

दुसऱ्या भेटीत भाऊ खुर्चीत मागे टेकून बसले. भिंतीवरच्या एका ठिपक्याकडे बघायचं, श्वास लांबवायचा, पापण्या जड झाल्या की मिटू द्यायच्या. मग तळपायांपासून एकेक अवयव सैल सोडत वर यायचं. वीसपासून उलटे आकडे. बाहेर ऑटोचा हॉर्न वाजतोय, तो वाजू द्यायचा. पंधरा मिनिटांनी मॅडमनी एक ते पाच मोजून त्यांना परत आणलं. भाऊ जरा खट्टू झाले. "मले तर सगळं ऐकू येऊन राहिलं होतं. म्हणजे झालंच नाही का?"

झालं होतं. ही झोप नसते आणि बेशुद्धीही नसते. सिनेमा बघताना शेजारचा खोकतो आणि तरी आपण पडद्यातून बाहेर येत नाही, साधारण तसं. लक्ष एका जागी गोळा होतं, बाकीचं कडेला सरकतं, आणि त्या वेळी सांगितलेली किंवा मनात रंगवलेली गोष्ट जास्त खोल उतरते. सगळ्यांना सारखी नाही. काही थोडे जण फार पटकन या अवस्थेत जातात, काहींना ती जवळजवळ साधत नाही, आणि बहुतेक लोक मध्ये कुठेतरी असतात.

(दृश्य : पुन्हा हिंगणा रोड, पण आता भाऊंच्या नजरेतून, संथ गतीत.)

खरं काम तिसऱ्या भेटीपासून. डोळे मिटलेले, आणि मॅडम त्यांना रोजचाच रस्ता दाखवतात. वळण आलं. ठेल्यावरची पिवळी ताडपत्री दिसली. ठेलेवाल्याने हात वर केला. तोंडाला पाणी सुटलं, सुटू द्या. ब्रेकवर बोटं घट्ट झाली, ते लक्षात घ्या. आता अंगठा आणि तर्जनी एकमेकांवर दाबा, एक लांब श्वास सोडा. गाडी पुढे गेली. पुढचं झाड आलं.

हेच पुन्हा. आणखी एकदा, सावकाश.

"खर्रा खाणार नाही" असं वाक्य मॅडम देत नाहीत, कारण ते म्हणतानाही डोळ्यांपुढे खर्राच येतो. न्यूयॉर्कचे मनोविकारतज्ज्ञ हर्बर्ट स्पीगेल यांनी १९७० साली सिगारेटसाठी एका बैठकीची पद्धत मांडली होती. तिच्यात सिगारेटशी भांडण नाही. तंबाखू शरीरासाठी विष आहे, जगायला शरीर लागतं, आणि म्हणून त्याला जपणं माझ्याकडे लागतं, एवढंच. मॅडमनी भाऊंसाठी तेच आपल्या शब्दांत बसवलं, आणि त्यात एक चित्र घातलं. बर्डीच्या बाजारात पोरीसोबत उभं राहून अख्खी पाणीपुरी एका घासात तोंडात टाकायची. हे चित्र भाऊंनीच सांगितलं होतं. पोरगी सात वर्षांची आहे आणि बाबा पाणीपुरी फोडून काहून खातात, असं विचारते.

मॅडमचा आवाज मोबाईलवर ध्वनिमुद्रित करून दिला. रोज रात्री झोपण्याआधी बारा मिनिटं. गाडीवर असताना चुकूनही नाही.

इथे एक गोष्ट ठामपणे सांगायची आहे. संमोहनाने निकोटिनचं शरीरातलं ओझं उतरत नाही. भाऊंचे पहिले तीन दिवस वाईट गेले. डोकं ठणकलं, झोप उडाली, घरात ताट आपटलं गेलं. त्यासाठी डॉक्टरांनी निकोटिनचा च्युइंगम लिहून दिला होता. आणि तोंड उघडत नसेल तर आधी दातांच्या डॉक्टरांकडेच जायचं. ताठरलेला गाल कुठल्याही सूचनेने मऊ होत नाही. सरकारची तंबाखूमुक्ती हेल्पलाइन आहे, १८००-११२-३५६. फोन फुकट लागतो.

पुराव्याचंही सरळ बोलू. वैद्यकीय पुरावे तपासणाऱ्या कॉक्रेन या संस्थेने २०१९ साली धूम्रपान आणि संमोहन यांवरच्या १४ चाचण्या एकत्र तपासल्या, १,९२६ माणसांच्या. इतर प्रकारच्या मदतीपेक्षा संमोहन वरचढ आहे, असं म्हणण्याइतका पुरावा त्यात मिळाला नाही. म्हणून कोणी "एका बैठकीत व्यसनमुक्ती, गॅरंटीसह" असा फलक लावला असेल तर तिथून उठून या. मागचा जन्म दाखवतो म्हणणाऱ्याकडे तर जाऊच नका. त्या अवस्थेत मन आठवणी रचतं आणि त्या खऱ्या वाटतात. स्किझोफ्रेनियासारखा आजार असेल तर मानसोपचारतज्ज्ञांना विचारल्याशिवाय हा उपचार नको. आणि समोरचा माणूस मानसशास्त्र किंवा वैद्यक रीतसर शिकलाय का, हे निःसंकोच विचारा. नोंदणी क्रमांक मागितला म्हणून चांगला माणूस रागावत नाही.

मग हे सगळं मी का दाखवतोय? कारण मामांना धाक मिळाला, शपथा मिळाल्या, उपदेश मिळाला. त्या ठेल्यासमोरच्या दहा सेकंदांचा सराव कोणी करून घेतला नाही.

(दृश्य : अभ्यासिका. टेबलावर पुस्तकं, बंद कपाटात फोन.)

मॅडमकडे एमपीएससीची तयारी करणारी एक मुलगीही येते. तिची तक्रार, "मूडच येत नाही." तिला वाटलं होतं, संमोहनात लाल दिव्याची गाडी आणि सत्कार दाखवतील. मॅडमनी तिला फक्त खुर्ची ओढायला लावली. नऊ वाजले तर फोन कपाटात, फोन कपाटात गेला तर पान उघडायचं. मानसशास्त्रज्ञ पीटर गोल्विट्झर यांनी १९९९ साली मांडलेली हीच ती 'जर-तर'ची युक्ती, मिटल्या डोळ्यांनी घोटवलेली. जोश कोणी सुईने टोचून देत नाही. ती मुलगी आता म्हणते की मूड येतो, पण पान उघडल्यानंतर दहा मिनिटांनी.

(दृश्य : लग्नाचा मांडव, दिवे.)

पाचव्या आठवड्यात उमरेडला भाच्याचं लग्न होतं. रात्री मित्रांत बसले आणि भाऊंनी एक खर्रा खाल्ला. दुसऱ्या दिवशी ते क्लिनिकला आले नाहीत. फोनही उचलला नाही. मला मामा आठवले, आणि खरं सांगतो, मी चित्रण थांबवायच्या बेतात होतो. चार दिवसांनी ते स्वतः आले, वही घेऊन. त्या रात्रीचा खर्रा लिहिलेला होता, वेळेसकट. मॅडमनी त्यांना लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधला २०१० सालचा अभ्यास सांगितला. ९६ माणसं रोजची एक नवी सवय लावून घेत होती. सवय अंगवळणी पडायला मधला आकडा ६६ दिवसांचा निघाला, कोणाला १८ लागले, कोणाच्या बाबतीत अंदाज २५४ पर्यंत गेला. आणि मध्ये एखादा दिवस चुकला म्हणून फारसं बिघडलं नाही.

भाऊंनी विचारलं, "म्हणजे माहे दिवस वाया नाही गेले?"

मग त्या दिवशी उमरेडचा मांडव. डोळे मिटून, पुन्हा पुन्हा.

(दृश्य : हिंगणा रोड, सव्वासहा. थंडी पडलीय, ठेल्यावर वाफाळता चहा.)

नववा आठवडा. वळणावर भाऊंची गाडी दिसली आणि ठेलेवाल्याने सवयीने पन्नी ओढली, सुपारी टाकली. भाऊंचा वेग कमी झाला. डाव्या हाताचा अंगठा तर्जनीवर दाबलेला कॅमेऱ्यात दिसतोय.

"आज नको गा," ते म्हणाले, आणि गाडी पुढे काढली.

ठेलेवाला दूर गेलेल्या गाडीकडे बघत राहिला. हात अजून घोटतच होता.