टीबी संपला, खोकला राहिला
(लघुमाहितीपटाचं निवेदन)

(दृश्य : मिरज जंक्शन, सकाळ. गाडीतून उतरणारी माणसं, बाहेर रिक्षांची रांग.)

मिरजेला सकाळच्या गाड्यांतून उतरणाऱ्या बऱ्याच जणांच्या बगलेत एक्स-रेचं मोठं पाकीट असतं. कुणी जतहून आलेलं, कुणी कवठे महांकाळहून, कुणी पार कर्नाटकातून. 1894 साली विल्यम वॉन्लेस यांनी इथं इस्पितळ काढलं, तेव्हापासून या गावाला दोन गोष्टींनी ओळखतात : तंबोरे-सतारी आणि डॉक्टर. पुढं वॉन्लेसवाडीला क्षयरोग्यांसाठी सॅनिटोरियम उभं राहिलं. म्हणजे क्षयाशी, टीबीशी, या भागाची ओळख जुनी. इतकी, की वजन उतरलं, खोकला हटेना आणि बेडक्यात रक्ताची रेघ दिसली, तर घरातलं शेंबडं पोरसुद्धा निदान सांगून मोकळं होतं.

बहुतेक वेळा ते निदान बरोबर असतं. ही फिल्म उरलेल्या वेळांची आहे.

(दृश्य : तासगावकडचा रस्ता. दोन्ही बाजूंना द्राक्षबागा, बेदाण्याची शेड.)

या फिल्ममध्ये ज्यांना आपण ‘काका’ म्हणणार आहोत, ते खरे कुणी एक गृहस्थ नाहीत. असा आजार झालेल्या माणसाची वाट कशी जाते, ते सांगण्यासाठी उभं केलेलं हे पात्र आहे. वय पन्नाशीचं, थोडी द्राक्षबाग, थोडा ऊस, गोठ्यात दोन म्हशी. काही वर्षांपूर्वी त्यांना टीबी झाला होता. 6 महिने गोळ्या घेतल्या, एकही चुकवली नाही. बेडका तपासला, जंतू नाहीत. कार्डावर शिक्का पडला : बरा.

जंतू गेले. पण उजव्या फुप्फुसाच्या वरच्या भागात ते एक पोकळी करून गेले. टीबी जिथलं फुप्फुस खातो, तिथं ते पुन्हा भरून येत नाही. व्रण राहतो किंवा मग असं रिकामं भगदाड राहतं. काकांना त्याचा त्रास नव्हता. बाग छाटली, मुलीचं लग्न झालं, दोन हंगाम गेले.

मग खोकला परत सुरू झाला.

(दृश्य : उकिरडा. फावड्यानं वरचा थर उलटताना निघणारी वाफ.)

इथं थोडं थांबू, कारण खरी गोष्ट इथं आहे. हा उकिरडा बाहेरून गार दिसतो. हात घालून पाहा, आत चटका बसतो. शेण, वैरणीचा चगळा, उसाचं पाचट, घरातला केरकचरा कुजताना उष्णता तयार होते, आणि त्या उष्णतेत बहुतेक बुरश्या तग धरत नाहीत. ज्या मोजक्या धरतात, त्यांतली एक म्हणजे ॲस्परजिलस फ्युमिगेटस. 50 अंश सेल्सिअसलाही ती वाढते. मग माणसाच्या अंगातले 37 अंश तिला काय जड? मातीत, शेणखतात, भिजून काळ्या पडलेल्या कडब्यात, पाणी मुरलेल्या भिंतीवर ती असतेच. तिचे बीजाणू जेमतेम 2 ते 3 मायक्रॉनचे, म्हणजे डोळ्यांना न दिसणारे आणि नाकातल्या केसांना न अडणारे. खत उलटलं, वैरण झटकली की ते हवेत उठतात आणि श्वासाबरोबर थेट फुप्फुसाच्या टोकापर्यंत पोचतात.

हे बीजाणू रोज आपण सगळेच ओढतो. तुम्ही, मी, कॅमेरा धरलेला मुलगाही. धडधाकट फुप्फुसातल्या पेशी त्यांना खाऊन टाकतात, आपल्याला पत्ताही लागत नाही. पण काकांच्या त्या पोकळीत रक्तपुरवठा धड नाही, कफ बाहेर ढकलणारी यंत्रणा नाही. तिथं पडलेला बीजाणू रुजतो. महिनोन् महिने वाढत राहतो, भोवतीची भिंत जाड करतो, नव्या पोकळ्या पाडतो. काहींच्या पोकळीत बुरशीच्या धाग्यांचा चक्क गोळा तयार होतो, खुळखुळ्यातल्या खड्यासारखा सुटा.

या आजाराला क्रॉनिक पल्मनरी ॲस्परजिलोसिस म्हणतात. डॉक्टर मंडळी त्याचं सीपीए करतात. तो एकाचा दुसऱ्याला होत नाही, काकांचं ताट-भांडं वेगळं ठेवायचं काही कारण नाही. हे सांगावं लागतं, कारण टीबीच्या वेळी घराघरात ते झालेलं असतं.

(दृश्य : दवाखान्याचा व्हरांडा. बाकावर बसलेले रुग्ण.)

आता काकांची फाईल. खोकला, थकवा, संध्याकाळी धाप, पॅन्ट पट्ट्याशिवाय न राहण्याइतकं उतरलेलं वजन. बेडक्यात कधीमधी रक्त. एक्स-रेवर जुन्या जागीच डाग. थुंकीत टीबीचे जंतू नाहीत, जंतूंचा डीएनए शोधणारी सीबीनॅट तपासणीही निगेटिव्ह. आणि तरीही, ‘दिसतंय तर टीबीसारखंच’ म्हणून टीबीचा कोर्स पुन्हा सुरू. दोन-तीन महिने गेले तरी उतार नाही. मग डॉक्टर बदलतो, गोळ्या त्याच राहतात.

यात एकट्या डॉक्टरला धारेवर धरण्यात अर्थ नाही. ज्या देशात टीबी इतका, तिथं आधी टीबीचाच विचार व्हायला हवा. शिवाय सीबीनॅट कधी उलट्या बाजूनंही फसवते : पूर्वी टीबी झालेल्या माणसाच्या थुंकीतले मेलेले जंतूही ती पकडू शकते. म्हणून अशा वेळी टीबीचं कल्चर लावणं, म्हणजे थुंकीतले जंतू प्रयोगशाळेत वाढतात का ते पाहणं, महत्त्वाचं. पण तपासण्या निगेटिव्ह आणि औषधानं फरक नाही, असं दोन्ही असताना वेगळा विचार मनात यायलाच हवा. तो येत नाही, ही खरी अडचण आहे. भारतातल्या आणि ब्रिटनमधल्या तज्ज्ञांनी 2014 मध्ये मांडलेल्या अंदाजानुसार देशात सीपीएचे सुमारे 2 लाख 90 हजार रुग्ण असावेत. इतकी माणसं आहेत कुठं? बरीचशी टीबीच्या रांगेतच उभी असणार.

(दृश्य : सीटी स्कॅनची खोली.)

निदानाला फार गूढ असं काही लागत नाही. छातीचा सीटी स्कॅन. त्यात पोकळी, जाड झालेली भिंत, आणि गोळा असेल तर त्याच्या वर हवेची चंद्रकोर दिसते. रुग्णाला पालथं झोपवून पुन्हा स्कॅन केला तर गोळा जागा बदलतो. गाठ असती तर ती हलली नसती. त्याच्या जोडीला रक्ताची एक तपासणी : ॲस्परजिलस आयजीजी, म्हणजे या बुरशीविरुद्ध शरीरानं तयार केलेली प्रतिपिंडं मोजणं. सीपीए असलेल्या दहांपैकी नवाहून अधिक जणांत ती पॉझिटिव्ह येते. सगळ्यात उपयोगी तपासणी हीच, आणि चिठ्ठीवर क्वचित लिहिली जाते तीही हीच. नमुना बहुधा मोठ्या प्रयोगशाळेकडे पाठवावा लागतो, एवढाच त्रास.

तिसरी तपासणी बेडक्याचं बुरशीसाठीचं कल्चर. तसं स्पष्ट लिहून मागितलं तरच प्रयोगशाळा ते लावते. बुरशी उगवली, एवढ्यावर मात्र आजार ठरत नाही, कारण ती हवेतूनही आलेली असू शकते. उगवली नाही म्हणून आजार नाही, असंही नाही. लक्षणं 3 महिन्यांहून जुनी, स्कॅन तसा, रक्त तसं, टीबी आणि कॅन्सर तपासून बाजूला काढलेले : हे सगळं जुळतं तेव्हा निदान पक्कं होतं. आणि कधी कधी टीबी आणि बुरशी एकाच छातीत एकत्रही नांदतात.

मातीतून फुप्फुसात जाणारी ही एकच बुरशी नव्हे. वटवाघळांच्या आणि पक्ष्यांच्या विष्ठेनं भरलेल्या मातीत हिस्टोप्लाझ्मा असते. अमेरिकेत ॲरिझोना आणि कॅलिफोर्नियाच्या कोरड्या धुळीतून व्हॅली फीवर नावाचा बुरशीचाच आजार होतो. तिकडं नोकरीला असलेला मुलगा सुट्टीवर आला आणि छातीत डाग निघाला, तर तो कुठं राहतो हे डॉक्टरांना आपणहून सांगावं. 2021 मध्ये कोविडनंतर ज्या म्युकरनं घराघरात धास्ती भरवली, तिचेही बीजाणू माती आणि कुजक्या पाल्यातलेच. पण ती दिवसांत होत्याचं नव्हतं करते. काकांची बुरशी वर्षं घेते.

(दृश्य : जेवणाचं ताट. शेजारी कॅप्सूलची पट्टी.)

औषध आहे. इट्राकोनाझोल, साधारणपणे 200 मिलिग्रॅम दिवसातून दोनदा. कॅप्सूल भरल्या पोटी घ्यायची, कारण तिला पोटातलं आम्ल लागतं. आणि आपल्याकडे तर कुठल्याही चिठ्ठीच्या शेवटी ॲसिडिटीची गोळी असतेच, जशी काही ती सहीच. ती गोळी आम्ल मारते, आणि इट्राकोनाझोल रक्तात पुरेसं पोचत नाही. रुग्ण म्हणतो औषध लागू पडत नाही.

याहून मोठी फसगत रिफाम्पिसिनची. टीबीच्या गोळ्यांमधलं हे मुख्य औषध यकृताला असं कामाला लावतं, की इट्राकोनाझोल रक्तात टिकतच नाही. व्होरिकोनाझोल या दुसऱ्या बुरशीनाशक औषधाचंही तेच. म्हणजे ‘दोन्हीचं एकदमच चालू ठेवू, जे असेल ते मरेल’ हा व्यवहारी वाटणारा तोडगा बुरशीला जीवदान देतो. टीबी खरंच असेल तर औषधांची आखणी छातीच्या तज्ज्ञानं करायची. नसेल तर टीबीचा कोर्स थांबवायचा, आणि रिफाम्पिसिनचा अंमल उतरायला साधारण दोन आठवडे लागतात, हेही धरून चालायचं.

किती महिने? यावर चंदीगडच्या पीजीआय या वैद्यकीय संस्थेतल्या डॉक्टरांनी केलेलं काम जगभर वापरलं जातं. 2022 साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या चाचणीत 6 महिने इट्राकोनाझोल घेतलेल्यांपैकी 38 टक्के जणांचा आजार 2 वर्षांत उलटला, आणि 12 महिने घेतलेल्यांत 10 टक्के. काकांना हा आकडा सांगणं आवश्यक आहे, कारण तिसऱ्या महिन्यात भूक लागते, वजन वाढतं, आणि खिशाकडे बघून माणूस गोळी बंद करतो.

वर्षभर गोळी म्हणजे वर्षभर लक्ष. यकृताची तपासणी, रक्तदाब, पायावरची सूज. हृदय कमजोर असेल तर हे औषध चालत नाही. सोय असेल तिथं रक्तातली औषधाची पातळीही मोजतात. पर्यायी व्होरिकोनाझोल उन्हात कातडी जाळतं. दिवसभर मांडवाखाली आणि बांधावर वावरणाऱ्या माणसाला ‘ऊन टाळा’ सांगायचं, तर शेताच्या कामाची वेळच बदलायला लावावी लागते. आणि धाप लागली म्हणून कुठंही स्टिरॉइडचं इंजेक्शन टोचून घेणं बंद. दम तात्पुरता सुधारतो, बुरशीला रान मोकळं मिळतं.

बेडक्यात रेघ दिसणं वेगळं आणि कपभर रक्त पडणं वेगळं. दुसरं झालं तर रात्र काढायची नाही, मोठं इस्पितळ गाठायचं. रक्त थांबवणारी औषधं आहेत. मांडीतून किंवा मनगटातून नळी घालून रक्त सांडणारी रोहिणी आतून बंद करता येते. एकच पोकळी, एकच गोळा आणि बाकी फुप्फुस धड असेल, तर शस्त्रक्रियेनं तो भाग काढूनही टाकतात.

(दृश्य : ट्रॅक्टरमागं ब्लोअर. बागेत फवारणीचं धुकं.)

आता एक अवघड बाजू. बागेत भुरी या द्राक्षावरच्या बुरशीजन्य रोगासाठी जी औषधं फवारतात, हेक्झाकोनाझोल, टेब्युकोनाझोल, ती आणि काकांच्या कॅप्सूलमधलं औषध एकाच घराण्यातली. बुरशीला मारतातही एकाच पद्धतीनं. शेतात अशी फवारणी वर्षानुवर्षं झाली की मातीतल्या ॲस्परजिलसमधले दाद न देणारे प्रकार मागं उरतात, आणि माणसाच्या छातीत जाताना ते आधीच निर्ढावलेले असतात. नेदरलँड्समध्ये हे आधी ध्यानात आलं. 2012 मध्ये दिल्लीच्या वल्लभभाई पटेल चेस्ट इन्स्टिट्यूटच्या संशोधकांनी भारतातल्या मातीतही तसे प्रकार सापडल्याचं दाखवलं. 2022 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं धोकादायक बुरश्यांची यादी काढली, त्यात ॲस्परजिलस फ्युमिगेटस सर्वांत वरच्या गटात आहे.

तरीही काकांच्या आजाराचं खापर लगेच बागेवर फोडणं घाईचं होईल. भुरी आली तर बागायतदार फवारणारच, द्राक्ष कर्जावर उभं असतं. पण गोळ्या नीट घेऊनही उतार नसेल, तर बुरशीचं कल्चर करून कोणतं औषध तिला लागू पडतं ते तपासून घ्यावं, आणि पेशंट फवारणी करतो हे चिठ्ठीवर लिहिलं जावं. खत उलटताना, ओला कडबा हलवताना एन-95 मास्क लावावा; पोकळी असलेल्या माणसानं ते काम घरातल्या दुसऱ्या कुणाला द्यावं. खतावर आधी पाणी शिंपडलं तर धूळ कमी उठते.

(दृश्य : पत्र्याची पेटी. जुन्या फायली, त्यात एक्स-रे.)

आणि टीबीचा शेवटचा एक्स-रे टाकून द्यायचा नाही. 2019 च्या पुरात कृष्णाकाठच्या कितीतरी घरांतली कागदपत्रं गेली, त्यामुळे मोबाईलवर त्याचा फोटोही काढून ठेवावा. नव्या एक्स-रेशेजारी तो धरला की पोकळीची भिंत जाड होतेय का, ते कळतं. टीबीचा कोर्स संपल्यावर 6, 12, 18 आणि 24 महिन्यांनी तपासणीला बोलवावं, असा सरकारी कार्यक्रमाचाच नियम आहे. बरं वाटतंय म्हणून बहुतेक जण तिकडं फिरकत नाहीत. त्या तपासणीला जाताना जुना एक्स-रे न्यावा, आणि खोकला असेल तर थुंकीच्या डबीबरोबर ॲस्परजिलस आयजीजीची चिठ्ठीही मागून घ्यावी.