हळद, पांढरी ट्यूब आणि बारा आठवडे

[सांगली, मार्केट यार्ड. हळदीचे सौदे.]

ही राजापुरी हळद. पोती फुटतात, मूठभर हळकुंडं हातात घेतली जातात, मोडून आतला रंग बघितला जातो. सांगलीच्या हळदीला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालं. मानांकनाच्या कितीतरी आधीपासून ती इथल्या घराघरांत आहे, आणि पोराच्या तोंडावर पहिला मुरूम दिसला की वाटीत कालवली जाते ती हीच. वर बेसन, दुधाची साय, कुणी सांगितलं म्हणून लिंबूही.

[वाटीतला लेप, जवळून.]

हळद भाजीला घाला, पण चेहऱ्याला हा लेप नको. लिंबू कातडी जाळतं, लावून उन्हात गेलं तर काळे डाग उमटतात. सायीचं तूप भोकं आणखी बुजवतं. वाळलेला लेप खरवडून काढताना सुजलेली जागा आणखी सुजते.

वयात येताना हार्मोन बदलतात, कातडीतल्या तेलाच्या ग्रंथी जोरात चालू होतात. त्याच वेळी केसाच्या मुळाशी सुटणाऱ्या मृत पेशी एकमेकींना चिकटतात आणि तिथल्या भोकाचं तोंड बंद करतात. आत तेल साठतं, तिथले जिवाणू वाढतात, जागा लाल होते. काळं टोक दिसतं ती घाण नव्हे. कातडीतलं रंगद्रव्य हवेला लागून काळं पडलेलं असतं. म्हणून दगडाने, स्क्रबने, साबणाने घासून ते निघत नाही.

[तालीम. हौद्यातली माती, पाठीवरचा घाम.]

तालमीतल्या पोरांचे मुरूम बहुतेकदा पाठीवर, खांद्यावर. मालिशचं तेल, घाम आणि त्यावर तसाच घातलेला टी-शर्ट. मेहनत झाली की लगेच आंघोळ, आणि पाठीवर तेल बेताचं. डब्यातली प्रोटीन पावडर चालू केल्यावर पुटकुळ्या वाढल्या असतील तर ती महिनाभर बंद ठेवून बघा. छाती-पाठ अचानक मुरमांनी भरून आली तर अंग कमवायला कोण काय टोचतंय हेही वस्तादांनी विचारावं. कपाळावरच्या बारीक पुटकुळ्यांचं कारण मात्र पुष्कळदा डोक्याचं खोबरेल असतं. तेल रात्री न लावता न्हाण्याआधी तासभर लावा, केस कपाळावर येऊ देऊ नका.

[मेडिकल दुकानाचा काउंटर. हात आणि एक ट्यूब.]

आता ही पांढरी ट्यूब. मैत्रिणीने सांगितली, आत्याने आणली, काउंटरवर मागितली की मिळाली. लावली की चार दिवसांत लाली उतरते, चेहरा उजळ वाटतो. खोक्याच्या मागे बारीक अक्षरांत बघा: बीटामेथासोन, मोमेटासोन, क्लोबेटासोल. यातलं एकही नाव दिसलं तर ते स्टेरॉइड आहे. महिनोन्महिने लावलं की कातडी पातळ होते, शिरा दिसू लागतात. बंद केलं की चेहरा आगीसारखा भडकतो, मग पोर पुन्हा तीच ट्यूब मागतं. २०१८ साली केंद्र सरकारने अशा मलमांची सूट काढून त्यांना शेड्यूल एचमध्ये घातलं. म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय ती विकायची नाहीत. तरी विकली जातात. चिठ्ठी नसताना दुकानदाराकडे ट्यूब मागणारं गिऱ्हाईकही यात आहेच.

[विश्रामबाग. रात्रीची वेळ, बेसिन, एका मुलाचे हात.]

मग खरं काय करायचं? चेहरा सौम्य फेसवॉशने, कोमट पाण्याने, दिवसातून दोनदा. तिसऱ्यांदा नाही. टॉवेलने टिपायचा, घासायचा नाही. मग वीस मिनिटं थांबायचं, कारण ओल्या कातडीवर जेल जास्त झोंबतं. डॉक्टरांनी दिलेलं मुरमांवरचं जेल, अडापालीन ०.१ टक्के, वाटाण्याएवढं, अख्ख्या चेहऱ्याला एवढंच. कपाळ, दोन्ही गाल, नाक, हनुवटी: पाच ठिपके, आणि पातळ पसरवायचं. फक्त मुरमावर टेकवायचं नाही. पुढचे मुरूम आज न दिसणाऱ्या जागी तयार होत असतात. पापण्या, नाकपुड्यांच्या कडा, ओठांचे कोपरे सोडायचे. तिथे जेल साठतं आणि साल निघते. वर साधं मॉइश्चरायझर. पहिले दोन आठवडे रात्रीआड, मग रोज. १५ ग्रॅमची ट्यूब महिनाभर तरी पुरली पाहिजे. आठ दिवसांत संपली तर हात जड पडतोय.

[टॉवेल, जवळून.]

निळ्या टॉवेलवरचे हे फिके, नारिंगी ठसे बेंझॉइल पेरॉक्साइडचे, म्हणजे मुरमातले जिवाणू मारणाऱ्या औषधाचे. ते रंग खातं. २.५ टक्क्यांचं सकाळी लावायचं, आणि टॉवेल, उशीचा अभ्रा पांढराच ठेवायचा. शाळेच्या शर्टाची कॉलरही जपायची. चेहऱ्याला पहिल्यांदाच लावताय तर पाच-दहा मिनिटं ठेवून धुवा. बाहेर पडताना एसपीएफ ३० चं सनस्क्रीन.

दुसऱ्या आठवड्यात साल निघेल, झोंबेल. एक रात्र सोडा, मॉइश्चरायझर वाढवा. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात मुरूम वाढल्यासारखे वाटतील. नव्वद टक्के घरं इथेच बंद करत असावीत, असा आमचा संशय आहे, कारण आई म्हणते, "हे काय, वाढलंच की!" फरक सहा ते आठ आठवड्यांत दिसू लागतो, निकाल बारा आठवड्यांनी. चार आठवड्यांनी एक फोटो, त्याच खिडकीशी, त्याच उजेडात. रोज आरशात बघून काही कळत नाही.

नुसती क्लिंडामायसिन या अँटिबायोटिकची जेल लावत राहू नका, जिवाणू निर्ढावतात. ती बेंझॉइल पेरॉक्साइडच्या जोडीनेच. आणि नखाने फोडायचं नाही.

[सिव्हिलचं फाटक. केसपेपरची खिडकी.]

खोल, दुखरी गाठ, उमटू लागलेले खड्डे, किंवा मुलीची पाळी अनियमित आणि हनुवटीवर राठ केस असतील तर थांबू नका, थेट त्वचारोगतज्ज्ञ. गोळ्यांचा उपचार तेच ठरवतील. त्यातल्या आयसोट्रेटिनॉइन या गोळीने गर्भाला व्यंग येतं, तेव्हा कुणाच्या उरलेल्या गोळ्या घ्यायच्या नाहीत. लग्नकार्यात "तोंडाला काय झालं गं?" विचारणाऱ्या मामी-काकूंना घरच्यांनीच थोपवावं.

[पुन्हा बेसिन. ट्यूब पिळणारं बोट.]

चेहरा निवळल्यावरही डॉक्टर अडापालीन बरेच महिने चालू ठेवायला सांगतात. रोज की रात्रीआड, ते विचारून घ्या, आणि ट्यूब संपायच्या आठवडाभर आधी नवी आणून ठेवा.