खायचे दात, दाखवायचे दात

श्रोतेहो, नमस्कार.

२७ जून २०१७, मंगळवार. न्हावा शेवा बंदरातल्या, म्हणजे आपल्या जेएनपीटीतल्या, एका टर्मिनलचे संगणक बसले. हे टर्मिनल मेर्स्क या डॅनिश जहाज कंपनीच्या समूहाचं. कुठला कंटेनर कुठल्या रांगेत आहे, कुठला ट्रेलर कुठल्या गेटवर घ्यायचा, हे सांगणारी यंत्रणाच गेली आणि कामं हाताने करायची वेळ आली. दुखणं मात्र इथलं नव्हतं. ते सुरू झालं युक्रेनमध्ये, 'एम.ई.डॉक' नावाच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमधून. आपल्याकडे दुकानादुकानात टॅली असतं ना, तसं तिकडे हे. त्याच्या अपडेटमध्ये कुणीतरी विष कालवलं होतं.

या मालवेअरचं, म्हणजे घातकी प्रोग्रामचं, नाव पडलं नॉटपेट्या. २०१६ साली आलेल्या 'पेट्या' या खंडणीखोर प्रोग्रामसारखं दिसणारं, पण पेट्या नसलेलं.

असले प्रोग्राम तपासणं हे माझं काम. त्यासाठी संगणकाच्या पोटात दुसरा, खोटा संगणक उभा करायचा, नेटवर्क तोडायचं, प्रोग्रामला मोकळं सोडायचं आणि बघत बसायचं. कुठली फाइल उघडली, कुठे काय लिहिलं, शेजारच्या मशीनचं दार ठोठावलं का? बिघडलं सगळं, तर एका क्लिकवर सकाळची स्थिती परत. नॉटपेट्या सोडला की आधी पडद्यावर काहीच दिसत नाही. नवशिका हमखास इथेच फसतो. चहा पिऊन येतो आणि म्हणतो, "सर, यात काही दम नाही." तोवर या प्रोग्रामनं मशीन पुन्हा सुरू व्हायची वेळ लावून ठेवलेली असते, दहा मिनिटं ते तासाभराच्या आतली. मधल्या वेळात तो मेमरीतून पासवर्ड उचलतो आणि ते वापरून शेजारच्या संगणकांत शिरतो. म्हणून विंडोज अगदी अद्ययावत असलेली मशीनसुद्धा वाचली नाहीत. एका मशीनवरची अ‍ॅडमिनची ओळख हाती लागली, की बाकीची दारं आपोआप उघडतात.

मग मशीन बंद होऊन सुरू होतं आणि काळ्या पडद्यावर अक्षरं येतात: डिस्कची दुरुस्ती चालू आहे, संगणक बंद करू नका. आकडे पुढे सरकत राहतात. साधा माणूस हात जोडून थांबतो. प्रत्यक्षात त्या वेळी डिस्कची अनुक्रमणिका कुलूपबंद होत असते, म्हणजे कुठली फाइल कुठे आहे हे सांगणारा तक्ता. ज्यानं त्या क्षणी सूचना धुडकावून वायर उपटली, त्याचं बरंच काही वाचण्याची आशा होती! मला त्या खोट्या पडद्याची जेवढी चीड येते, तेवढी त्या कुलपाची येत नाही.

शेवटी लाल अक्षरांत खंडणी: ३०० डॉलर, बिटकॉइनमध्ये. सोबत लांबलचक ओळख-क्रमांक. मूळ पेट्यात या क्रमांकातच किल्ली दडवलेली असे, म्हणजे पैसे मिळाल्यावर चोराला ती काढता यायची. इथे विश्लेषकांनी कोड उलगडला आणि कपाळाला हात लावला. तो क्रमांक कसलाही अर्थ नसलेला, वाटेल तशी जोडलेली अक्षरं होती. किल्ली चोराकडेही नव्हती. पैसे घेऊन तो देणार काय? खंडणी हे दाखवायचे दात होते, खरा हेतू नासधूस. पुढे २०२० साली अमेरिकेने रशियन लष्करी गुप्तचर संस्थेच्या सहा अधिकाऱ्यांवर या प्रकरणात आरोप ठेवले.

याच उलगड्यात एक बारीक गोष्ट सापडली. सुरू होताना हा प्रोग्राम विंडोजच्या फोल्डरमध्ये स्वतःच्याच नावाची फाइल आहे का, ते पाहतो. असली, तर आपण इथे आधीच येऊन गेलो असं समजून गप्प बसतो. नाव होतं 'पर्फसी'. अमित सर्पर या संशोधकाने हे त्याच दिवशी जाहीर केलं. सगळीकडचं थैमान त्यानं थांबलं नाही, कारण ही लस, म्हणजे त्या नावाची फाइल आधीच ठेवून देणं, एकेका मशीनला वेगळी टोचावी लागत होती. मेर्स्कला तर पुढच्या दहा दिवसांत ४५,००० संगणक आणि ४,००० सर्व्हर नव्याने उभे करावे लागले.

पण ज्यांच्यापर्यंत रोग अजून पोचला नव्हता, ते एकेका मशीनवर जाऊन ती फाइल तयार करू लागले. आत एक अक्षरही लिहायची गरज नव्हती, फक्त नाव बरोबर हवं होतं.

नमस्कार.