दुखत नाही, पण पाय स्वस्थ ठेववत नाहीत

(व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

संयोजकांनी विषय विचारला तेव्हा मी म्हटलं, गरोदर बाईच्या पायांवर बोलते. ते म्हणाले, "म्हणजे सूज वगैरे का, मॅडम?" सूज नाही, आणि पोटरीत येणारे गोळेही नाहीत. या दोन्ही गोष्टी आपल्याकडे सगळ्यांना माहीत असतात. मी बोलणार आहे ती तिसरीच तक्रार आहे, पाय स्वस्थ ठेवता न येण्याची, आणि ती माझ्या टेबलापर्यंत फारशी येत नाही. कारण अगदी साधं आहे. आमची ओपीडी सकाळी, आणि हा त्रास सुरू होतो रात्री जेवणं आटोपल्यावर. सकाळी त्याच बाईचे पाय एकदम शहाणे असतात. समोर दिसत नाही ते तिलाही सांगावंसं वाटत नाही, आणि आम्हीही विचारत नाही.

एकदा तर सासूबाईंनी सांगितलं म्हणून कळलं. सुनेला सातवा महिना. बीपी ठीक, सोनोग्राफी चांगली, तपासून झालं होतं. सासूबाई म्हणाल्या, "मॅडम, ही रात्रभर गॅलरीत फेऱ्या मारते. एसटीत बसायला जागा मिळाली तरी उठून उभी राहते. लोक आम्हालाच बोलतात, पोटुशी बाईला उभं केलंय म्हणून." मी सुनेला विचारलं, दुखतं का गं? ती म्हणाली, "दुखत नाही हो. आतून कोणीतरी ओढतंय असं होतं. कातडीवर नाही, पोटरीच्या आत. उठून चाललं की जातं. आडवी झाले की परत."

निदान तिनेच करून दिलं होतं. पाय हलवावेत अशी अनावर ऊर्मी, बसल्या-पडल्यावर ती वाढणं, चालल्यावर किंवा पाय झटकल्यावर तेवढ्यापुरती शमणं आणि संध्याकाळनंतर जोर धरणं. या चार गोष्टी जुळल्या आणि दुसरं कारण सापडलं नाही, तर त्याला म्हणायचं रेस्टलेस लेग्ज सिंड्रोम, म्हणजे अस्वस्थ पायांचा आजार. यासाठी एमआरआय लागत नाही, ऐकून घ्यावं लागतं. गोळा वेगळा. त्यात स्नायू हाताला दगडासारखा लागतो, जीव जातो की काय असं दुखतं आणि पाऊल वर ओढून धरलं की सुटतो. आणि एकच पाय सुजला, गरम लागतोय, दाबल्यावर दुखतोय असं असेल, तर माझं व्याख्यान विसरा आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा. शिरेत रक्ताची गुठळी झालेली असू शकते.

हे नवीन फॅड आहे असं कोणाला वाटत असेल तर सांगते, इंग्लंडच्या थॉमस विलिस या डॉक्टरांनी १६७२ मध्ये याचं वर्णन करून ठेवलं आहे. हात-पाय इतके अस्वस्थ होतात की रोग्याला झोपच लागत नाही, असं. मग जवळजवळ पावणेतीनशे वर्षं कोणी फारसं मनावर घेतलं नाही. स्वीडनचे कार्ल-अ‍ॅक्सेल एकबोम यांनी १९४५ मध्ये त्याचा पद्धतशीर अभ्यास मांडला आणि नाव दिलं. गरोदर बायका आणि अंगात लोह कमी असलेली माणसं, या दोघांत तो जास्त दिसतो हेही त्यांनी नोंदवलं. १९५३ मध्ये त्यांच्याच देशातल्या नॉर्डलँडर यांनी शिरेतून लोह देऊन रुग्णांना आराम पडल्याचं लिहिलं. म्हणजे धागा हाती लागून सत्तर वर्षं झाली. आपल्याकडे मात्र अजून "पाय हलवू नकोस, दारिद्र्य येतं" एवढ्यावरच भागतं.

गरोदर बायकांपैकी साधारण पाचात एकीला हा त्रास होतो, शेवटच्या तीन महिन्यांत सर्वाधिक. का होतो? मेंदूत हालचालींवर ताबा ठेवणारं डोपामिन नावाचं रसायन तयार होतं, आणि ते तयार करणाऱ्या एन्झाइमला लोह लागतं. डोपामिनचं काम मुळातच संध्याकाळी मंदावतं, त्यात लोहाची चणचण. एका गरोदरपणाला एकूण सुमारे १००० मिलिग्रॅम लोह लागतं. बाळ आपला वाटा घेतंच, आईकडे काय उरलं ते बघत नाही. आता मुळातच शिल्लक किती? २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या ५२ टक्के गरोदर स्त्रियांना रक्तक्षय आढळला, महाराष्ट्रात जवळपास ४६ टक्के. पण सगळा दोष लोहावर टाकता येत नाही. बाळंतपणानंतर बहुतेकींचा त्रास काही दिवसांत, फार तर महिन्याभरात जातो. एवढ्यात लोहाचा साठा भरून येत नाही. तेव्हा हॉर्मोन्सचाही हात असणार.

इथे एक गोष्ट पक्की करून घ्या. "हिमोग्लोबिन ११ आहे, मग लोह कमी कसं?" असं मला डॉक्टर मंडळीसुद्धा विचारतात. हिमोग्लोबिन म्हणजे ताटातली भाकरी, फेरिटिन, म्हणजे अंगात साठवलेलं लोह, ही कणगीतली ज्वारी. कणगी तळाला गेली तरी चार दिवस ताटात भाकरी दिसते. फेरिटिनची साधी रक्ततपासणी असते. लॅबच्या कागदावर १५-२० आकड्यापुढे "नॉर्मल" छापलेलं असतं, पण या त्रासात ७५ च्या खाली असलं तरी लोह द्यायचा विचार करतात. आणि अंगात ताप, जंतुसंसर्ग असताना तपासलं तर आकडा खोटाच फुगलेला येतो.

सरकारी दवाखान्यातून, आशाताईंकडून मिळणाऱ्या लाल गोळीत ६० मिलिग्रॅम लोह असतं. चौथ्या महिन्यापासून रोज एक, १८० दिवस, आणि बाळंतपणानंतर पुन्हा १८० दिवस. गोळी चांगली आहे, घेण्याची पद्धत वाईट आहे. चहाबरोबर घेतली की फुकट गेली. कॅल्शियमच्या गोळीबरोबर घेतली तरी तेच. दोन्हींत काही तासांचं अंतर ठेवा आणि लोहाची गोळी लिंबूपाण्याबरोबर घ्या. बीटाचा रस प्यायला हरकत नाही, पण तो लाल आहे म्हणून रक्त वाढत नाही. गोळीने मळमळत असेल, बद्धकोष्ठ होत असेल, तर गादीखाली लपवू नका, सांगा. चौथ्या महिन्यानंतर गरज असेल तर दवाखान्यात शिरेतून लोह देता येतं. मनाने डोस दुप्पट मात्र करू नका.

आणखी एक गोष्ट, हिच्याकडे आम्हा डॉक्टरांचंच लक्ष कमी जातं. उलट्यांसाठी दिलेली औषधंही पाय बिघडवू शकतात. मेटोक्लोप्रमाइड मेंदूत जाऊन डोपामिनलाच अडवतं. डॉक्सिलामाइन आणि सर्दीच्या गोळ्यांतलं क्लोरफेनिरामाइन ही झोप आणणारी अँटिहिस्टामिन्स, त्यांनीही काहींचा त्रास वाढतो. "झोप येत नाही ना, सर्दीची गोळी घे" हा घरगुती सल्ला इथे नेमका उलटा पडतो. औषध परस्पर बंद करू नका. पण उलटीची गोळी सुरू झाल्यावर पाय वळवळायला लागले का, एवढं आठवून सांगा. बदलून देता येतं.

एरवी या आजारात प्रामिपेक्सोल, रोपिनिरोल अशी पार्किन्सनची औषधं वापरतात. गरोदरपणात आम्ही ती टाळतो. फारच असह्य झालं तर दुसरे पर्याय आहेत, पण ते तज्ज्ञाने तोलून द्यायचे. बहुतेकींचं त्याविना निभावतं. संध्याकाळी चालणं, दुपारनंतर चहा बंद, झोपण्याआधी पोटऱ्यांना तेल लावून चोळणं, कोमट पाण्यात पाय. चोळायला नवऱ्याला बसवा, मोबाइल एका हाताने बघता येतो.

एकदा झालं की पुढच्या खेपेला पुन्हा होण्याची शक्यता जास्त असते, आणि पुढे वय वाढल्यावर कायमचा जडण्याचीही. जर्मनीतल्या एका पाहणीत, २००४ सालची ती, असं दिसलं की मूल न झालेल्या बायकांत याचं प्रमाण पुरुषांइतकंच होतं, आणि मुलांची संख्या वाढेल तसं ते चढत गेलं. म्हणून पहिल्या वेळी ज्यांना झालं त्यांनी दुसऱ्याचा विचार करायच्या आधीच फेरिटिन बघून घ्यावं.

तुमच्याकडून प्रश्नांच्या चिठ्ठ्या आल्यात, त्यांत एक गंमतीची आहे. "मी पुरुष आहे, पण सगळी लक्षणं माझीच सांगितलीत. नियमित रक्तदान करतो, त्याचा संबंध असेल का?" असू शकतो. दर रक्तदानात दोन-अडीचशे मिलिग्रॅम लोह जातं. फेरिटिन करून घ्या आणि तो कागद दाखवेपर्यंत पुढचं रक्तदान थांबवा.