‘बजी स्मगलर्स’ ही चड्डी आहे, माणूस नव्हे!

नमस्कार मंडळी! ‘ताई, बजी स्मगलर म्हणजे काय?’ हा प्रश्न इतक्यांदा आलाय की आज तोच घेते.

अर्थ सोपा. ऑस्ट्रेलियात पुरुषांच्या पोहायच्या आखूड, घट्ट चड्डीला गमतीनं असं म्हणतात. बजी म्हणजे बजरिगर, तिथला रानातला छोटा पोपट. चड्डीत पुढे पक्षी दडवून चोरून नेल्यासारखं दिसतं, म्हणून स्मगलर. शब्द 1990 च्या दशकाअखेरचा. चड्डी त्याहून जुनी. अशा चड्ड्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या स्पीडो या कंपनीचं नावच सिडनीत 1928 साली आलं.

आपल्याला गंमत पटकन कळत नाही, कारण आपण बजीला बजी म्हणतच नाही! मामाच्या गॅलरीत हिरव्या-पिवळ्या पक्ष्यांचा पिंजरा होता. आम्ही त्यांना लव्हबर्ड्स म्हणायचो. ते सगळे बजी होते. खरे लव्हबर्ड्स आफ्रिकेतले.

आता मुद्द्याचं. एका दादांनी लिहिलंय, ‘ही इज अ बजी स्मगलर.’ नाही हो! तो स्मगलर नाही, त्याची चड्डी स्मगलर आहे. ‘ही इज वेअरिंग बजी स्मगलर्स’ म्हणा. शेवटचा ‘स’ खाऊ नका. मराठीत चड्डी एक, विजार एक. इंग्रजीत ट्राउझर्स, शॉर्ट्स, तसंच हे. चड्डी एकच असली तरी ‘अ पेअर ऑफ बजी स्मगलर्स’. ‘अ बजी स्मगलर’ म्हणालात, तर ऐकणाऱ्याला खरोखरच पक्षी चोरणारा माणूस वाटेल. तिथले पक्षी चोरून परदेशी नेणारे खरंच पकडले जातात, त्यामुळे हा फरक मला महत्त्वाचा वाटतो.

आणि घट्ट जीन्सला हा शब्द लावू नका. फक्त पोहायची चड्डी!

शब्द चेष्टेचा आहे, पण शिवी नाही. टोनी अ‍ॅबट 2013 ते 2015 पंतप्रधान होते, त्यांच्या अशा चड्डीतल्या फोटोंवर तिथली वर्तमानपत्रं हा शब्द सर्रास छापायची. 2016 मध्ये मलेशियात सेपांगच्या फॉर्म्युला वन मोटार शर्यतीनंतर नऊ ऑस्ट्रेलियन तरुण मलेशियाच्या झेंड्याच्या नक्षीच्या अशा चड्ड्या घालून नाचले आणि चार दिवस कोठडीत राहिले. बातम्यांत त्यांचं नाव पडलं ‘बजी नाइन’. तेव्हा मित्रांत बोला, साहेबांच्या चड्डीवर नको.

दुकानात काय मागायचं? सिडनीत ‘स्विमर्स’, मेलबर्नला ‘बेदर्स’, ब्रिस्बेनला ‘टॉग्ज’. बघा, तिन्हींच्या शेवटी अनेकवचन आहे!