आंतरवासितेतला एकटेपणा आणि ऑनलाइन समुदाय

(ठाण्यातील एका अध्यापक महाविद्यालयात झालेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)

मित्रहो, राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या २०१४ च्या नियमावलीने बी.एड. दोन वर्षांचे झाले आणि शालेय आंतरवासिता, म्हणजे प्रत्यक्ष शाळेत जाऊन शिकवण्याचा सराव, किमान २० आठवड्यांची झाली. त्यांपैकी १६ आठवडे दुसऱ्या वर्षी येतात आणि त्या काळात आपले छात्राध्यापक कळवा, दिवा, ऐरोली, घणसोली असे विखुरलेले असतात. मार्गदर्शक प्राध्यापक एखाद्या पाठाला मागच्या बाकावर बसतात, निरीक्षण वहीत शेरा लिहितात आणि पुढची शाळा गाठतात. उरलेले दिवस छात्राध्यापक आपल्या अडचणींसह एकटाच असतो. ऑनलाइन समुदायाचा विचार या एकटेपणापासून सुरू व्हावा, तंत्रज्ञानाच्या कौतुकापासून नव्हे, असे मला वाटते.

व्हॉट्सॲपचा गट तर प्रत्येक तुकडीचा असतोच. त्यावर परिपत्रके येतात, तयार पाठ टाचणे फिरतात आणि सुप्रभातची फुले तर कधीच चुकत नाहीत. माणसे कशी शिकतात याचे अभ्यासक जीन लेव्ह आणि एटिएन वेंगर यांनी १९९१ मध्ये मांडले की, नवखा माणूस आधी कडेला राहून, जाणत्यांच्या सोबतीने लहान पण खरी कामे करत करत त्या व्यवसायात मुरतो. या मांडणीतला ‘खरी कामे’ हा भाग आपण फार लवकर विसरतो. दुसऱ्याचे टाचण उतरवून काढणे हे खरे काम नव्हे. मुलाच्या वहीतले चुकलेले गणित समजून घेणे हे खरे काम.

असे धरू की, कळव्याच्या शाळेतून एक छात्राध्यापिका वहीच्या पानाचा फोटो गटावर टाकते: ४०२ वजा १५७, उत्तर ३५५. पहिला प्रतिसाद ठरलेलाच, ‘हातच्याची वजाबाकी पुन्हा घ्या.’ येथे प्राध्यापकांनी निदान सांगून टाकले, तर चर्चा तिथेच मिटते. त्यांनी एवढेच विचारावे की, हे मूल ५२ वजा ३७ कसे सोडवते? दुसऱ्या दिवशी उत्तर येते, २५. मग ऐरोलीतल्या कोणाच्या तरी लक्षात येते की, मूल प्रत्येक स्थानी मोठ्या अंकातून लहान अंक वजा करत आहे, मग तो वर असो की खाली: ४ मधून १, ५ मधून ०, ७ मधून २. म्हणजे मूल निष्काळजी नाही. ते एक नियम कसोशीने पाळते आहे आणि तो नियमच चुकीचा आहे. तिसरा सुचवतो की, काड्यांचे गठ्ठे द्या, शंभराचा गठ्ठा त्याच्याच हाताने सोडवू द्या आणि दशकाच्या शून्यापाशी ते काय करते ते पाहा. छात्राध्यापिका ते करून पाहते आणि काय घडले ते त्याच चर्चेत लिहिते.

हे शेवटचे लिहिणे सहसा राहून जाते. गॅरिसन, अँडरसन आणि आर्चर या ऑनलाइन शिक्षणाच्या संशोधकांनी ऑनलाइन चर्चेतील विचाराचे चार टप्पे मानले: प्रश्न पडणे, शोध घेणे, जुळणी करणे आणि उकल. पुढच्या अनेक अभ्यासांत चर्चा दुसऱ्याच टप्प्यावर रेंगाळताना दिसल्या, कारण मते मांडणे सोपे, ती एकमेकांशी ताडून पाहणे कष्टाचे. आपल्याकडे मात्र एक सोय हाताशी आहे, ती म्हणजे उद्या सकाळी भरणारा वर्ग. गटावरची सूचना तिथे लगेच पारखता येते.

फोटोतून मुलाचे नाव, चेहरा आणि शाळेचा शिक्का वगळावा, हे वेगळे सांगायला नको. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्यानुसार १८ वर्षांखालील व्यक्ती ही बालक ठरते आणि तिच्या माहितीसाठी पालकांची संमती अपेक्षित असते.

राहिला गुणांचा प्रश्न. आठवड्याला इतक्या नोंदी अशी अट घातली की, रविवारी रात्री ‘छान’, ‘सहमत’ यांचा पाऊस पडतो आणि मुकाट वाचून शिकणारा विद्यार्थी विनाकारण आळशी ठरतो. गुण द्यायचेच असतील, तर सत्राअखेरीस प्रत्येकाने एकच प्रकरण निवडून सादर करावे: प्रश्न काय होता, कोणाच्या सूचनेने विचार बदलला आणि त्यानंतर वर्गात काय केले. ज्याने गटावर एकही ओळ लिहिली नाही, त्यालाही हे सादरीकरण करता आले पाहिजे.