मोठा पडदा, वेगवान पडदा आणि खोलीची लांबी

श्रोतेहो, नमस्कार.

६५ इंची पडदा म्हणतात तेव्हा ते ६५ इंच म्हणजे एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंतचे तिरके माप असते. प्रत्यक्षात तो पडदा साधारण १४४ सेंटीमीटर रुंद आणि ८१ सेंटीमीटर उंच भरतो. दुकानाच्या उंच छताखाली, वीस पडद्यांच्या रांगेत तो मध्यम आकाराचा वाटतो आणि घरी आणल्यावर मात्र अर्धी भिंत व्यापून बसतो. हे सांगण्याचे कारण असे की, गेम खेळणाऱ्या मुलामुलींचा आणि त्यासाठी पैसे मोजणाऱ्या त्यांच्या आईवडिलांचा एक प्रश्न अलीकडे वारंवार कानावर येतो. मोठा आणि वेगवान, म्हणजे सेकंदाला १२० किंवा १४४ चित्रे दाखवणारा, तांत्रिक भाषेत १२० किंवा १४४ हर्ट्झचा पडदा त्याच्या आकाराला आणि किमतीला जागतो का? इलेक्ट्रॉनिक्स शिकवण्यात माझे आयुष्य गेले आहे, आणि माझ्या मते या प्रश्नाचे उत्तर पडद्याच्या खोक्यावर छापलेले नसते, ते आपल्या खोलीत मोजपट्टीने मोजावे लागते.

प्रथम वेगाबद्दल बोलू. रिफ्रेश रेट म्हणजे पडदा सेकंदाला किती वेळा नवे चित्र दाखवतो ती संख्या. ६० हर्ट्झच्या पडद्यावर एक चित्र सुमारे १६.७ मिलिसेकंद टिकते, १२० हर्ट्झवर ८.३ आणि २४० हर्ट्झवर ४.२. हे आकडे एरवी कोरडे वाटतात, म्हणून ते भिंतीवर मांडून पाहू. समजा, गेममधली एक गाडी पडद्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत बरोबर एका सेकंदात धावली. २७ इंची मॉनिटरची रुंदी सुमारे ६० सेंटीमीटर असते, त्यामुळे ६० हर्ट्झवर ती गाडी दर चित्रागणिक एक सेंटीमीटर उडी घेते. तेवढ्याच वेळात ६५ इंची पडदा पार करणारी गाडी मात्र दर चित्रागणिक २.४ सेंटीमीटरची उडी घेते, आणि जवळ बसलेल्या डोळ्याला ती उडी धक्क्यासारखी जाणवते. १२० हर्ट्झवर हीच उडी १.२ सेंटीमीटर होते. म्हणजे पडदा जितका मोठा आणि आपण जितके जवळ, तितकी वेगाची गरज खरी. मोठ्या पडद्याला जादा हर्ट्झ जोडण्यामागे निव्वळ विक्रीची हौस नाही, त्याला भूमितीचा भक्कम आधार आहे, हे आधी मान्य केले पाहिजे.

परंतु हीच भूमिती दुसऱ्या बाजूनेही बोलते. डोळ्याला पडदा किती मोठा दिसतो हे केवळ इंचांवर ठरत नाही, इंच आणि अंतर यांच्या प्रमाणावर ठरते. आपल्याकडच्या बहुतेक सदनिकांमध्ये बैठकीच्या खोलीतला सोफा टीव्हीपासून आठ फुटांच्या आसपास असतो. आठ फुटांवरचा ६५ इंची पडदा डोळ्यांत जेवढी जागा व्यापतो, जवळजवळ तेवढीच जागा एक मीटरवर ठेवलेला २७ इंची मॉनिटर व्यापतो. आणि टेबलाशी बसून खेळणारा मुलगा मॉनिटरपासून एक मीटरवर नसतोच, तो साठ सेंटीमीटरवर असतो. म्हणजेच टेबलावरचा लहान पडदा हा भिंतीवरच्या त्या अवाढव्य पडद्यापेक्षा त्याच्या डोळ्यांना मोठा दिसत असतो. अनेक पट किंमत मोजूनही चित्र डोळ्यांना मोठे न होता उलट लहान होते, ही गोष्ट खरेदीच्या उत्साहात फार थोड्यांच्या लक्षात येते.

या आकारांचा एक खरा इतिहास आहे आणि तो बोधप्रद आहे. जानेवारी २०१८ मध्ये लास व्हेगास येथील सीईएस या इलेक्ट्रॉनिक्सच्या प्रदर्शनात एनव्हिडिया या ग्राफिक्स चिप बनवणाऱ्या कंपनीने ‘बिग फॉरमॅट गेमिंग डिस्प्ले’ या नावाची कल्पना मांडली. ६५ इंच, ४के म्हणजे अतिशय बारीक ठिपक्यांचे चित्र, १२० हर्ट्झ, १००० निट्सची कमाल प्रखरता, आणि संगणकात चित्र तयार करणाऱ्या ग्राफिक्स कार्डाच्या तालावर पडद्याने आपला वेग क्षणोक्षणी बदलावा अशी जी-सिंकची सोय, असा तो साज होता. एसर, आसुस आणि एचपी यांनी असे पडदे बनवण्याचे जाहीर केले. त्यांपैकी एचपीचा ‘ओमेन एक्स एम्पेरियम’ २०१९ च्या सुरुवातीला, साउंडबारसह, ४,९९९ डॉलरना विक्रीस आला. तेव्हाच्या दराने हे साडेतीन लाख रुपयांच्या घरात जाते. यंत्र म्हणून ते उत्तम होते यात शंका नाही, कारण एवढ्या मोठ्या आकारात इतका वेग आणि इतकी सफाई त्याआधी घरगुती ग्राहकाला मिळालेली नव्हती.

मात्र त्याच वर्षी एलजीच्या ओएलईडी, म्हणजे प्रत्येक ठिपका स्वतः उजळणाऱ्या टीव्हींमध्ये, कोणत्याही कुटुंबाने बैठकीत लावावा अशा वस्तूमध्ये, १२० हर्ट्झ आणि एचडीएमआय २.१ ही जोडणी आली, आणि वर्ष संपण्याच्या सुमारास सॉफ्टवेअर बदलून जी-सिंकशी जुळणारी सोयही त्यांना मिळाली. किंमत त्या गेमिंग पडद्यापेक्षा बरीच कमी होती. एचडीएमआय म्हणजे पडद्यापर्यंत चित्र आणि आवाज पोचवणारी केबलची जोडणी. तिच्या जुन्या २.० आवृत्तीतून सेकंदाला १८ गिगाबिट जातात आणि २.१ मधून ४८ गिगाबिटपर्यंत. नोव्हेंबर २०२० मध्ये प्लेस्टेशन ५ आणि एक्सबॉक्स सिरीज एक्स हे कन्सोल, म्हणजे टीव्हीला जोडून गेम खेळण्याची यंत्रे, आले. दोन्ही ४के चित्र १२० हर्ट्झवर देऊ शकतात, पण त्यासाठी २.१ लागते. साडेतीन लाखांच्या त्या पडद्याला कन्सोलसाठी २.० च होते. दोन वर्षांच्या आत महागडी वस्तू मागे पडली आणि तुलनेने साधी वस्तू पुढे गेली. म्हणून मी म्हणतो की, ‘गेमिंग’ या शब्दासाठी जादा पैसे मोजण्याआधी पडद्याच्या पाठीमागच्या खोबणी पाहाव्यात आणि त्यांवरची आवृत्ती वाचावी.

आता पडद्याला चित्र पुरवणाऱ्या यंत्राकडे वळू, कारण पैशांचा खरा ओघ तिकडेच जातो. ४के म्हणजे एका चित्रात सुमारे ८३ लाख ठिपके. त्याच्या खालच्या पायरीवर, ज्याला १४४०पी म्हणतात, तेथे हे ठिपके सुमारे ३७ लाख असतात. सेकंदाला १२० वेळा ८३ लाख ठिपके रंगवायचे म्हणजे ग्राफिक्स कार्डाची कसोटी लागते. २०१८-१९ मधल्या सर्वांत ताकदवान कार्डालाही अवजड गेममध्ये हे झेपत नव्हते, आणि आजही ज्या कार्डांना झेपते त्यांची किंमत पडद्याइतकी किंवा त्याहून अधिक असते. येथे अंतराचा हिशेब पुन्हा उपयोगी पडतो. निकोप दृष्टीच्या माणसाला ६५ इंची ४के पडद्याचे ठिपके वेगवेगळे दिसणे साधारण १.३ मीटरच्या पलीकडे बंद होते, आणि त्याच पडद्यावर १४४०पी चे ठिपके दोन मीटरच्या थोडे अलीकडेच मिसळून जातात. आठ फूट म्हणजे जवळजवळ अडीच मीटर. तेव्हा सोफ्यावर बसून खेळणाऱ्याने गेम १४४०पी वर चालवला तर डोळ्याला फारसे काही गमवावे लागत नाही, आणि कार्डावरचा भार मात्र निम्म्याहून कमी होतो. वाचलेली ती ताकद वेगाच्या कामी येते. मोठ्या पडद्याच्या मालकाला ही एक गोष्ट माहीत असली तर त्याचे नवे कार्ड दोन वर्षे पुढे ढकलता येईल.

जादा हर्ट्झ विकत घेऊनही ते न वापरले जाण्याचा प्रकार मी घरच्याच माणसाकडे पाहिला. माझ्या भाच्याने हौसेने १६५ हर्ट्झचा २७ इंची मॉनिटर घेतला आणि चार महिन्यांनी मला म्हणाला, “मामा, पैसे वाया गेले, जुन्यात आणि यात काही फरक नाही.” मी त्याच्या टेबलाशी बसलो. मॉनिटर एका जुन्या सेट-टॉप बॉक्सच्या केबलने जोडलेला होता आणि विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये रिफ्रेश रेटच्या चौकटीत ६० लिहिलेले होते. आम्ही मॉनिटरच्या खोक्यातली, प्लास्टिकची पिशवीही न उघडलेली डिस्प्लेपोर्टची केबल लावली, चौकटीत १६५ निवडले आणि त्याला काळ्या पार्श्वभूमीवर माउसचा बाण गोल गोल फिरवायला सांगितले. आधी त्या वर्तुळात बाण सुटे सुटे, विरळ टाके घातल्यासारखे दिसत होते, आता त्यांची दाट ओळ दिसू लागली. तो बराच वेळ काही न बोलता बाण फिरवत राहिला. मग म्हणाला, “हे तर लोण्यासारखं चाललंय.” ज्यांनी वेगवान पडदा घेतला आहे त्यांनी आज घरी जाऊन ती चौकट जरूर उघडून पाहावी. टीव्ही घेणाऱ्यांनीही सावध राहावे, कारण काही खोक्यांवर ‘मोशन रेट’सारख्या नावाखाली २४० असा आकडा छापलेला असतो आणि आतले पॅनल ६० हर्ट्झचेच असते. शिवाय टीव्हीवर ‘गेम मोड’ चालू केला नाही तर पडदा चित्र सजवण्यात वेळ घालवतो आणि बटण दाबणे व गोळी सुटणे यांत अंतर पडते.

किमतीबद्दल एक जमेची गोष्ट सांगतो. आपल्या देशात ३२ इंचांपेक्षा मोठ्या टीव्हीवर आणि मॉनिटरवर २८ टक्के जीएसटी होता. २२ सप्टेंबर २०२५ पासून तो १८ टक्के झाला. एक लाख मूळ किमतीच्या पडद्यावर हा दहा हजारांचा फरक आहे, आणि मध्यमवर्गीय घरात दहा हजार ही लहान रक्कम नव्हे. ओएलईडी घेणाऱ्यांनी मात्र एक काळजी मनात ठेवावी. त्यात प्रत्येक ठिपका स्वतः उजळतो, काळा रंग खरोखर काळा दिसतो आणि ठिपका रंगही क्षणार्धात बदलतो, पण गेममधला नकाशा किंवा विंडोजची खालची पट्टी तासन्‌तास एकाच जागी राहिली तर कालांतराने तिचा ठसा उमटू शकतो. दिवसभर कार्यालयीन काम आणि रात्री गेम, असा दुहेरी वापर करणाऱ्याने हा विचार आधी करावा.

आणि स्पर्धेसाठी खेळणाऱ्यांचे काय? काउंटर-स्ट्राइक किंवा व्हॅलोरंट या नेमबाजीच्या गेमच्या मोठ्या स्पर्धांतील टेबलांवर २४-२५ इंचांचेच मॉनिटर दिसतात, वेग मात्र २४० हर्ट्झ आणि त्याहून पुढचा. कोपऱ्यातला नकाशा, उरलेल्या गोळ्या आणि समोरचा प्रतिस्पर्धी हे सारे मान न हलवता एका नजरेत मावले पाहिजे, हे त्यामागचे कारण आहे. जिंकण्यासाठी खेळणाऱ्याला मोठा पडदा मदत करत नाही, अडथळाच करतो, असे माझे स्पष्ट मत आहे. मोठ्या पडद्याचे सुख वेगळे आहे. शर्यतीत, फुटबॉलमध्ये, एखाद्या विस्तीर्ण प्रदेशातल्या भटकंतीत, आणि शेजारी आणखी कोणी बसलेले असताना ते मिळते, आणि ते सुख मी मुळीच कमी लेखत नाही.

भाच्याला पुढे ६५ इंची पडदा आपल्या खोलीत, त्याच टेबलावर हवा झाला. मी त्याला जुनी वर्तमानपत्रे चिकटवून १४४ बाय ८१ सेंटीमीटरचा कागद तयार करायला लावले. तो कागद टेबलामागच्या भिंतीवर लावून भाचा खुर्चीत बसला, आणि डावीकडचा खालचा कोपरा वाचण्यासाठी त्याला प्रत्येक वेळी मान वळवावी लागली. मग तो कागद आम्ही बैठकीच्या खोलीत नेला. माझी बहीण सोफ्यावर बसून पाहत होती आणि ती म्हणाली, “इथे शोभतोय, पण स्विचबोर्ड झाकला जातोय.” आम्ही कागदाची रुंदी एक वीत कापून १२२ सेंटीमीटर केली, म्हणजे ५५ इंची पडद्याएवढी, तेव्हा तो खिडकीची चौकट आणि स्विचबोर्ड यांच्यामध्ये दोन्हीकडे चार बोटे सोडून बसला. शेवटी १२० हर्ट्झचा, एचडीएमआय २.१ असलेला ५५ इंची टीव्ही घरात आला. रात्री जेवणानंतर बाप-लेक त्यावर फुटबॉल खेळतात, आणि नेमबाजीचे गेम खेळायला भाचा आपल्या खोलीत, त्या २७ इंची मॉनिटरसमोर जाऊन बसतो.

नमस्कार.